यंत्र चांगलं होतं, मग आपटलं कुठे? नेमका पुर्जा, नेमका आकडा सांगा

बर्डीवाला (धागाकर्ता)

फसलेल्या यंत्रांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, 'काळाच्या फार पुढे होतं'. दोन, 'मार्केटिंग कमी पडलं'. दोन्हींतून हाती काही लागत नाही. म्हणून या धाग्यावर एकच अट: यंत्राचं नाव टाकलं की ते कुठे अडलं ती जागाही सांगायची. पुर्जा असो, आकडा असो, रांग असो नाहीतर थकलेलं बिल. हळहळ नंतर.

सुरुवात घरच्याच उदाहरणाने करतो. नागपूरची इथेनॉल बस. ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनिया या स्वीडिश कंपनीची पहिली बस इथे चाचणीसाठी धावायला लागली, देशातली पहिली इथेनॉल बस म्हणून तिचा बराच गाजावाजा झाला. पुढे ५५ बसगाड्यांची योजना ठरली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सेवा बंद पडली. बस वाईट होती असं कोणीच म्हणत नव्हतं. एसी होती, खालच्या तळाची (लो-फ्लोअर) होती, चढायला दोन पायऱ्या नव्हत्या. मग अडलं कुठे?

फ्लायव्हील

आधी इंजिनाचं बोलू, कारण ९० टक्के लोकांना वाटतं की पेट्रोलमध्ये मिसळतात तेच इथेनॉल डिझेलच्या टाकीत ओतलं. तसं नाही. त्या बसचं इंधन ईडी-९५, म्हणजे सुमारे ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारं रसायन, वंगण, गंजरोधक. हे इंजिन डिझेलसारखंच चालतं, स्पार्क प्लग नाही. हवा दाबून तापवायची आणि त्यात इंधन मारायचं. अडचण ही की डिझेल दाबाखाली पटकन पेटतं आणि इथेनॉल हट्टी आहे. डिझेलचा सिटेन आकडा, म्हणजे दाबाखाली किती पटकन पेटतं त्याचं माप, ४५ ते ५०, इथेनॉलचा ८च्या आसपास. त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, दाबाचं प्रमाण नेहमीच्या १७-१८ वरून थेट २८ वर न्यायचं. दोन, ते रसायन मिसळायचं. रसायन कमी पडलं तर थंड इंजिन सकाळी खोकत बसतं, अर्धवट जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं.

म्हणजे गावात साखर कारखाना आहे म्हणून इंधन आहे, असं होत नाही. स्पिरिट इथलं, पण ते पाच टक्के मिश्रण नेमक्या प्रमाणात, दर खेपेला सारखं मिळायला हवं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. नागपूरच्या मे महिन्यात नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये टाकीचं झाकण नीट बसलं नाही तर पाणी शिरलंच. डेपोत वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळे सील लागतात. साधं रबर फुगतं.

इतवारीकर

राजेहो, इंजिनाचं ज्ञान त बरोबर हाय, पण हिशोब कोन करन? एका लिटर डिझेलात ऊर्जा ३६ मेगाज्यूल, इथेनॉलात २१. म्हनजे डिझेलच्या एका लिटरचं काम कराले इथेनॉल लागते १.७ लिटर. साधी बस लिटरमागे ३ किलोमीटर देत असन त ही देणार पावणेदोन. इथेनॉल डिझेलच्या ६० टक्के भावाच्या खाली मिळालं तरच बरोबरी. वरून २०१७ मध्ये जीएसटी आला. इथेनॉलवर १८ टक्के, अन् डिझेल जीएसटीच्या बाहेर. घ्या आता.

बर्डीवाला

हे हवं होतं. ६० टक्क्यांची रेघ. त्यात थकलेली बिलं आणि पैसे वेळेवर मिळावेत म्हणून मागितलेल्या एस्क्रो खात्याचं (पैसे आधीच तिऱ्हाइताकडे बाजूला ठेवायचं खातं) घोंगडं भिजत पडलं, ते वेगळंच. स्टॉकहोममध्ये याच जातीच्या बस १९९०च्या सुमारापासून धावत आल्या. म्हणजे दोष यंत्राच्या जातीत नव्हता.

रामदासपेठी

मला ही मांडणी थोडी सोयीची वाटते. ६० टक्क्यांची रेघ पहिल्या दिवशीही माहीत होती. भौतिकशास्त्र २०१८ मध्ये बदललं नाही. म्हणजे अडलेली जागा इंधनात नाही, करारात आहे: तोटा कोणी आणि किती दिवस सोसायचा हे लिहिलेलं असतं तर बस चालली असती. शहर बस कुठलीही नफ्यात नसते, डिझेलचीसुद्धा.

फ्लायव्हील

अर्धं मान्य. पण डिझेल बसचा करार मोडला तर बस दुसऱ्या मार्गावर, दुसऱ्या गावाला लावता येते. २८ दाबाच्या इंजिनात डिझेल ओतता येत नाही. करार मोडला की बस उभीच. हा फरक यंत्रातलाच आहे.

ओहमवाला

गावातलंच दुसरं घ्या, विजेच्या टॅक्सी. २६ मे २०१७ ला नागपुरात ओलाचा प्रकल्प सुरू झाला. एकूण २०० वाहनांची घोषणा, त्यात १०० महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस, आणि शहरात चार ठिकाणी मिळून ५०हून जास्त चार्जिंग पॉइंट. पुढच्याच वर्षी चालक गाड्या परत करून डिझेलकडे वळत असल्याच्या बातम्या आल्या.

आता आकडा. गाडीची बॅटरी सुमारे १० युनिटची, कंपनीचा दावा ११० किमी. म्हणजे किलोमीटरला ०.०९ युनिट. हा दावा एसी बंद ठेवून, चाचणीच्या ठरावीक फेरीवरचा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता पारा ४५ वर असताना एसी बंद ठेवून गिऱ्हाईक बसवून दाखवा. छोट्या गाडीचा एसी सरासरी एक किलोवॅट खातो असं धरू. शहरातला सरासरी वेग तासाला २० किमी. म्हणजे एसीचे किलोमीटरला ०.०५ युनिट वाढले. बेरीज ०.१४. दहा युनिटांत ७० किमी. बॅटरी पूर्ण शून्यावर कोणी नेत नाही, तेव्हा धरा ६०.

टॅक्सीवाल्याला दिवसाकाठी १५० किमी तरी हवेत, नाहीतर हप्ता निघत नाही. म्हणजे दिवसात दोनदा मध्येच चार्जिंग. साध्या चार्जरवर पूर्ण भरायला सहा तास. आता बसा रांगेत.

इतवारीकर

अन् रांग बी कवा? समद्याइले एकाच टायमाले. सकाळची शिफ्ट मारून एक वाजता समदे चार्जिंगवर. पाच वाजता पुन्हा धंद्याचा टाइम.

ओहमवाला

तेच. कागदावर ५० पॉइंट आणि सहा तासांचं चार्जिंग म्हणजे २४ तासांत २०० गाड्या, हिशोब चोख जुळतो. पण हा हिशोब पहाटे तीनलाही प्रत्येक पॉइंटवर गाडी धरतो. दुपारच्या चार तासांत ५० पॉइंटवर ५० गाड्या बसणार, एकही पूर्ण भरणार नाही, बाकीच्या रस्त्यावर उभ्या. एक चार्जिंग स्टेशन तर गाड्यांच्या गर्दीला वैतागून आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला म्हणून बंद करावं लागलं.

फास्ट चार्जिंग होतं, पण ते मोठ्या, ७२ व्होल्टच्या बॅटरीच्या मॉडेलला, दीड तासाचं. त्यातही उन्हात पळून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते. लिथियम पेशी ४५ अंशांच्या वर गेली की नियंत्रक करंट उतरवतो. मग दीड तासाचे दोन-सव्वादोन होतात. या शहराने इलेक्ट्रिक टॅक्सीची सगळ्यात कठीण परीक्षा घेतली, एवढं म्हणू.

संत्राबर्फी

सेग्वे राहिली, ती उभ्याने चालवायची दोनचाकी विजेची गाडी. २००१ मध्ये आली, किंमत ४९५० डॉलर, २०२० मध्ये उत्पादन बंद. अडलेली जागा: फुटपाथ. संपला प्रतिसाद.

रामदासपेठी

फुटपाथ असलेल्या देशांतही आपटली की हो. फुटपाथवर बऱ्याच ठिकाणी कायद्याने नाही, रस्त्यावर गाड्यांमध्ये जीवाने नाही. जागाच नव्हती.

टेपहेड

बीटामॅक्सवर, म्हणजे व्हीएचएसशी हरलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या जातीवर, कोणी बोललं नाही म्हणून येतो. हे उदाहरण सगळीकडे चुकीचं सांगतात, आपल्याकडे तर हमखास.

नेहमीची गोष्ट अशी: सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं, टेप एक तासाची, जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं, दोन तासांची, सिनेमा एका तासात बसत नाही म्हणून बीटा हरलं. अमेरिकेपुरतं खरं आहे. पण भारत पॅल पद्धतीचा, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलची पद्धत अमेरिकेहून वेगळी. पॅल बीटाचा टेपचा वेग सेकंदाला १.८७३ सेंटिमीटर, पॅल व्हीएचएसचा २.३३९. म्हणजे इथे बीटाच सावकाश धावतं! बीटाच्या एल-७५० या कॅसेटमध्ये २२२ मीटर टेप. भागाकार करा: १९७ मिनिटं भरतात. व्हीएचएसच्या ई-१८० मध्ये १८० मिनिटं. तीन तास दहा मिनिटांचा हिंदी सिनेमा बीटात अख्खा मावायचा आणि व्हीएचएसवर शेवटची मारामारी कापली जायची.

चित्रही सरस. टेप वाचणारं हेड ज्यावर बसतं तो बीटाचा फिरता ड्रम साडेसात सेंटिमीटरचा, व्हीएचएसचा ६.२. मोठा ड्रम, तेवढ्याच फेऱ्या, म्हणजे हेड टेपवरून जास्त वेगाने पळतं: बीटा सेकंदाला ५.८ मीटर, व्हीएचएस ४.९. तपशील तेवढा जास्त.

तरी हरलं. इथे अडलेली जागा टेपमध्ये नव्हती, दुकानाच्या फळीवर होती. जेव्हीसीने परवाने सढळ हाताने दिले, बऱ्याच कंपन्यांनी यंत्रं काढली, किंमत उतरली, घरोघरी व्हीएचएस गेलं. कॅसेट भाड्याने देणारा एकाच सिनेमाच्या दोन जातींच्या प्रती कशाला ठेवील? त्याने बहुमताची जात ठेवली. सोनीने १९८८ मध्ये स्वतः व्हीएचएस काढायला सुरुवात केली. गंमत म्हणजे कोऱ्या बीटा कॅसेट मात्र मार्च २०१६ पर्यंत विकल्या.

रामदासपेठी

टेपहेड, दंडवत. पॅलच्या वेगाचा मुद्दा कधी वाचला नव्हता. मग फिलिप्सचं व्हिडिओ २००० काय होतं?

टेपहेड

१९७९. मुख्यतः युरोपात. ऑडिओ कॅसेटसारखी उलटवायची, दोन्ही बाजू मिळून आठ तास. अर्धा इंच टेप, प्रत्येक बाजूला पाव इंच. हेड पिझो पट्टीवर (वीज दिली की वाकणारी पट्टी) बसवलेलं, ट्रॅक वाकडा असला तरी हेड स्वतः सरकून त्याच्या मागे जायचं. त्यामुळे पुढे-मागे पळवतानाही पडद्यावर पट्टे नाहीत. ट्रॅकिंगचं बटणच नव्हतं. पण आलं तेव्हा दुकानाची फळी भरलेली होती.

वैदर्भीय

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. घरात बीटाच्या लग्नाच्या कॅसेट असतील आणि त्या संगणकावर उतरवायच्या असतील तर काय करायचं? धागा वाचून अनेकांना हा प्रश्न पडणार.

टेपहेड

घाई करू नका, हा पहिला नियम. कॅसेटची पुढची झडप बोटाने उचलून टेपच्या गुंडाळीच्या कडा उजेडात बघा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. नागपूरचा उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्यात ती धरतेच. बुरशीची कॅसेट यंत्रात घालू नका. हेडवर पूड बसते आणि तीच पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा, मग कवच उघडून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने सावकाश पुसा. मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून.

मग यंत्र. बीटात कॅसेट घातली की मोठी रिंग फिरून टेप बाहेर ओढते आणि ड्रमभोवती इंग्रजी यू अक्षरासारखी गुंडाळते. रिंग फिरवणारा रबरी पट्टा इतक्या वर्षांत दोनपैकी एक होतो: कडक होऊन घसरतो किंवा वितळून डांबर होतो. घसरला तर टेप बाहेर ओढलेली आणि यंत्र अर्ध्यात थांबलेलं, अशी अवस्था. म्हणून पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट घालून बघा, लग्नाची नाही. पट्ट्याचं डांबर झालं असेल तर पुलीच्या खाचेतून ते आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूर्ण काढा. थोडं राहिलं तरी नवा पट्टा चिकटून वेग डळमळतो. नव्या पट्ट्याचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि पाच टक्के कमी धरा.

हेड पुसताना चामड्याची काडी अल्कोहोलने भिजवा, ड्रमला टेकवून काडी स्थिर धरा आणि वरून ड्रम हाताने फिरवा. काडी वर-खाली घासली तर हेडचा फेराइटचा तुकडा उडतो, आणि तो आता मिळत नाही. कानाचा कापूस वापरू नका, धागा अडकतो.

यंत्रातून निघणारा सिग्नल साध्या पिवळ्या वायरने कॅप्चर कार्डात जातो, पण मधे टाइम-बेस करेक्टर (ओळींची वेळ नीट जुळवणारं यंत्र) असेल तर कडा थरथरत नाहीत. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पुढे टोकापर्यंत आणि परत, असं गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते. आणि पहिल्याच वाजवणीत रेकॉर्ड करा. काही टेप दुसऱ्यांदा वाजत नाहीत.

वैदर्भीय

वाचनखूण साठवली. आभार.

संत्राबर्फी

टेपहेडना विचारून घेते, मिनीडिस्क? ती गाणी रेकॉर्ड करायची छोटी तबकडी.

टेपहेड

१९९२, ७४ मिनिटं. लेझर एका बाजूने ठिपका १८० अंशांपर्यंत तापवतो आणि दुसऱ्या बाजूचं चुंबक त्याची दिशा ठरवतं. हवं तितक्यांदा खोडा-लिहा. यंत्र देखणं, आवाज उत्तम, जपानात चाललंही. पण बाकीच्या जगात २००१ नंतर लोकांना फाइल टाकायची होती आणि हे रेकॉर्ड करायला सांगत होतं. त्यावर नकला रोखायची कुलपं. आपल्याकडे तर कोरी डिस्क मिळायची मारामार.

१९९२ मध्येच फिलिप्सने डिजिटल कॅसेट काढली, डीसीसी. जुनी साधी कॅसेटही त्यात वाजायची. जुनं वाजतं म्हटल्यावर नवं विकत कोण घेणार? चार वर्षांत, १९९६ मध्ये गुंडाळलं.

ओहमवाला

सिम्प्युटरबद्दल लिहायलाच हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून केलेलं हातातलं यंत्र. २००१ मध्ये जगभर चर्चा. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, लिनक्स, ३२० बाय २४० चा स्पर्शपडदा, आणि दोन गोष्टी ज्या तेव्हा क्वचितच सापडायच्या. एक, स्मार्टकार्डची खाच: यंत्र गावाचं, कार्ड माणसाचं. दोन, मजकूर भारतीय भाषेत वाचून दाखवणं, म्हणजे अक्षरओळख नसली तरी चालेल. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिडा' नावाने बाजारात आणलं, त्यात यंत्र कलतं केलं की चित्र सरकायचं. आयफोनच्या तीन वर्षं आधी.

आकडा: किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची होती, बाजारात आलं तेव्हा दहा हजारांपासून पुढे. दरम्यान जुलै २००३ मध्ये रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढून ५०१ रुपये भरा आणि मोबाइल न्या म्हटलं. गावाला एक सामायिक यंत्र ही कल्पनाच त्या ५०१ रुपयांनी मोडली. पडदा आयात, प्रोसेसर आयात, आणि लाखोंची ऑर्डर नाही, म्हणून सुट्या भागांचा भाव उतरत नाही. भाव उतरत नाही म्हणून ऑर्डर नाही.

रामदासपेठी

पण सरकारी ऑर्डर मिळालेल्या 'आकाश' टॅब्लेटचंही तेच झालं की. ऑक्टोबर २०११, ऑर्डर एक लाखाची, सरकारला पडणारी किंमत २२७६ रुपये. तेव्हा ऑर्डर नाही म्हणून फसलं, हे पुरत नाही.

ओहमवाला

आकाशचं अडलं ते पडद्यात. दाबाचा पडदा, नखाने जोर देऊन दाबायचा. दोन पातळ थरांमध्ये हवेची फट, वरचा थर वाकून खालच्याला टेकला की करंट वाहतो. स्वस्त, पण बोट घासत नेलं की टेकणं तुटतं आणि पान मधेच थांबतं. त्यामागे ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, म्हणजे बोट टेकलं की नाही हे यंत्रालाही सावकाश कळायचं. त्यात पावसात चाललं पाहिजे, पडलं तरी टिकलं पाहिजे अशा चाचण्यांवरून वाद. पुढच्या वर्षीच्या आकाश-२ मध्ये एक गिगाहर्ट्झ आणि बोटाच्या स्पर्शाचा पडदा आला. पण पहिल्याने नाव घालवलं होतं.

फ्लायव्हील

नावावरून टाटांची नॅनो. जानेवारी २००८ ला दाखवली, २००९ ला बुकिंग, दोन लाखांवर अर्ज, सोडत काढावी लागली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांचा. सगळ्यात चांगल्या वर्षी, २०११-१२ ला, विकल्या ७४,५२७. २०१८ ला उत्पादन थांबलं.

यंत्र म्हणून हुशारी जागोजागी. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. एकच वायपर. चाकाला चारऐवजी तीन नट. पुढची टायर १३५ रुंद, मागची १५५, कारण वजन मागे. ६०० किलोची गाडी.

पण पेट्रोल भरताना बघा. पंपावर गाडी लागते, पंपवाला बाजूला झाकण शोधत फिरतो. टाकीचं तोंड पुढच्या बॉनेटखाली. चालक खटका ओढतो, उतरतो, बॉनेट उचलतो, नळी तिथे. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत असतात. टाकी १५ लिटरची, म्हणजे हे दर आठवड्याला. मागची डिकी सुरुवातीच्या मॉडेलांत उघडतच नव्हती. सामान मागची सीट पाडून आतून टाकायचं. उघडणारं दार २०१५ ला आलं. मूळ मॉडेलला एसी नाही. नागपुरात एसी नसलेली, मागे इंजिन तापलेली गाडी मे महिन्यात म्हणजे, असो.

इतवारीकर

भाऊ, डिकी अन् टाकीनं गाडी नाई पडली. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का पडला. पोरीकडचे विचारते गाडी कोनती, त सांगाले लाज. सेकंडहँड आल्टो घेतली लोकाइनं.

फ्लायव्हील

शिक्का मान्य. पण २०१० मध्ये काही गाड्यांनी पेट घेतला, तेव्हा स्वस्त या शब्दाला कारण मिळालं. एग्झॉस्ट आणि विजेच्या तारांना जादा संरक्षण नंतर बसवून दिलं. एक लाखाच्या आकड्यासाठी जे पाच-पाचशे रुपये वाचवले ते नेमके कुठे वाचवले, हा प्रश्न लोक विचारू लागले.

वैदर्भीय

इरिडियम, ते उपग्रहावरून चालणाऱ्या फोनचं जाळं, कोणी घेतलं नाही. ६६ उपग्रह, नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ ला दिवाळखोरी. खर्च सुमारे पाच अब्ज डॉलर, विकलं अडीच कोटी डॉलरला. अडलेली जागा: छप्पर. फोनला मोकळं आकाश लागायचं, ऑफिसात बसून बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना तो परवडत होता ते ऑफिसातच बसायचे. उपग्रह चालत राहिले, नव्या मालकाने जहाजं, लष्कर, विमानं अशी गिऱ्हाइकं धरली. ते आजही चालू आहे.

संत्राबर्फी

आता माझं खरं उदाहरण. सोलर कुकर. पेटीचा, चार डब्यांचा, आरसा लावलेला. सरकारी अनुदान १९८०च्या दशकात. त्याही आधी, १९५०च्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने परावर्तकाचा सूर्यचुला काढला होता, तोही बाजारात चालला नाही. नागपुरात ऊन फुकट, तरी गच्चीवर तो भंगारात.

गणित: पेटीचं तोंड अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे पाव चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी ९०० वॅट दर चौरस मीटरला. आरशासकट आत जातात सुमारे ३०० वॅट. काचेतून, फटीतून जातं ते वजा करून अन्नाला पोचतात ७५ च्या आसपास. दीड किलो डाळ-तांदूळ-पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला ४४० किलोज्यूल. सुमारे शंभर मिनिटं. गॅसच्या शेगडीचं हेच काम दहा मिनिटांचं.

पण वेळ हा मुद्दा नाहीच, कारण तिथे उभं राहावं लागत नाही. मुद्दा घड्याळाचा. आपल्याकडे डबे सकाळी आठ-नऊला भरून जातात, हा कुकर अकराला तापतो. आणि तो १२० अंशांच्या फार वर जात नाही. त्यात वरण-भात होतो, फोडणी होत नाही, भाकरी नाही, पोळी नाही. म्हणजे गॅस पेटवायचाच. मग वरण त्यावरच का नको?

इतवारीकर

फोडणीच नाई होत त मंग काय कामाचा!

वैदर्भीय

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक पडलेला आहे. पुन्हा वापरात आणता येईल का? दाणे भाजायला, भात लावायला?

संत्राबर्फी

येईल, जर आतला ॲल्युमिनियमचा ट्रे गंजून भोकं पडली नसतील तर. क्रमाने बघा. झाकण उघडून दोन काचांच्या मधे बघा. ओशट थर असेल तर काचांची चौकट उघडून आतून व्हिनेगरच्या पाण्याने पुसा; एवढ्यानेच फरक पडतो. झाकणाखालची रबरी पट्टी कडक झालेली असणार, ती बदला. कूलरच्या दाराला लावतात तसली फोमची पट्टी लावू नका, शंभर अंशांत टिकत नाही, सिलिकॉनची घ्या. ट्रेला मॅट काळा, उष्णता सोसणारा रंग, दोन हात. दुसरा हात सुकल्यावर दोन दिवस रिकामा उन्हात तापवा, वास जाईपर्यंत. खालची काचलोकर ओली होऊन दबली असेल तर हातमोजे घालून काढा आणि पाच सेंटिमीटर नवी भरा.

भाताला तांदळाच्या दीडपट पाणी, शेगडीपेक्षा कमी, कारण वाफ बाहेर जात नाही. डबे बाहेरून काळे, पाऊण भागच भरा. तुरीची डाळ तासभर भिजवून. अकराला लावा, मधे झाकण उघडू नका. एकदा उघडलं की वीस मिनिटं वाढली. दाणे एका थरात पसरून, डब्याचं झाकण न लावता.

वैदर्भीय

आरसा कडेने काळा पडलाय. तसाच चालेल?

संत्राबर्फी

कडेने दोन बोटं असेल तर चालेल. मधे डाग असतील तर काचवाल्याकडून ४ मिलिमीटरचा आरसा मापाने कापून घ्या आणि बसवण्याआधी चारही कडांना, पाठीमागून, वॉर्निशचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण बंद करून पेटी आत घ्या, गच्चीवर ताडपत्रीखाली नको.